फाइल क्रमांक ०४१७

एकदा एका वृद्ध संकलकाने सकाळी लवकर येऊन डिस्कवरचा पसारा आवरला आणि तीन महिन्यांचं काम घालवून बसला.

ज्ञानी म्हाताऱ्यांच्या गोष्टींत म्हातारा कधी चुकत नाही. चुकतो तो शिष्य. आपण लहानपणापासून हेच ऐकत आलो, आणि ऐकवणारे किती वयाचे होते तेही आपल्याला ठाऊक आहे. ही गोष्ट तशी नाही, म्हणून सांगण्यासारखी आहे.

संकलकाला सगळे नाना म्हणत. त्यांची हयात चित्रफिती कापण्यात आणि जोडण्यात गेली होती. गार्गी नावाची मुलगी त्यांच्याकडे संकलन शिकत होती. काम चाललं होतं ते तंबोरे घडवणाऱ्या मुबारकभाईंवरच्या चित्रपटाचं. तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवून मुबारकभाई जवारी लावत. तार छेडली की सूर घुमतो, भरून येतो, तो त्या जवारीमुळे. चित्रीकरण संपलं आणि पंधरा दिवसांत पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला. नात शिरीन हे काम शिकत होती. तिला करून दाखवणारा हात आता फक्त नानांच्या डिस्कवर उरला होता.

मुबारकभाई त्या दिवशी स्वतः बघायला आले. गार्गीने संगणकावर प्रोजेक्ट उघडलं आणि पडदा लाल झाला. पहिला तुकडा लाल, दुसरा लाल, पार शेवटपर्यंत लाल. प्रत्येकावर एकच सूचना : फाइल सापडत नाही.

"काय दाबलंस?" नाना ओरडले.

"काही नाही."

"मग काय आपोआप झालं? शंभरदा सांगितलं, विचारल्याशिवाय हात लावत जाऊ नकोस."

गार्गीने डिस्क उघडून दाखवली. कॅमेऱ्याने फाइलींना दिलेले ०४१६, ०४१७, ०४१८ असे आकडे नाहीसे झाले होते. त्यांच्या जागी शुद्ध मराठी नावं होती. 'भोपळा'. 'खुंट्या'. 'मुबारकभाईंचा उजवा हात'.

"नाना, हे बारसं कोणी केलं?"

नानांनी पडद्यावरची नावं वाचली. "मीच. सकाळी. ते आकडे बघवेनात मला. नुसता उकिरडा वाटत होता."

"आणि विचारायचं कोणी?"

या प्रश्नावर मोठी माणसं काय करतात ते सर्वज्ञात आहे. घसा खाकरतात, चहा मागवतात. नाना मुबारकभाईंकडे वळले. "चूक माझी आहे. पोरीवर उगाच ओरडलो." एवढं बोलून त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला.

"गार्गी, प्रोजेक्टच्या यादीत अजून जुने आकडे असतील. ०४१७ ची लांबी सांग."

"एक्केचाळीस मिनिटं, सहा सेकंद, नऊ फ्रेम."

नानांनी डिस्कवर नेमकी तेवढ्याच लांबीची फाइल शोधली. ती निघाली 'मुबारकभाईंचा उजवा हात'. त्यांनी ते नाव एकेक अक्षर करून पुसलं आणि तिथे लिहिलं, ०४१७.

मुबारकभाई खुर्चीतून अर्धे उठले. "मास्तर, हात तर गेलाच. आता नावपण पुसता?"

नानांनी कीबोर्डवरचा हात उचलला. मग सावकाश म्हणाले, "मुबारकभाई, या प्रोजेक्टमध्ये तुमचा चित्रपट नाहीच. एवढीशी फाइल आहे ही. हिच्यात फक्त लिहून ठेवलंय की ०४१७ कडे जा, बाराव्या मिनिटापासून नऊ सेकंद बघ, मग ०४२२ कडे जा. आम्ही कापलं कापलं म्हणतो, पण कुठे बघायचं तेवढंच ठरवत असतो. मूळ चित्रावर तीन महिन्यांत एक ओरखडा उठलेला नाही. मी ज्याला उकिरडा म्हणालो तो पत्ता होता. मला वाचता येत नव्हता, म्हणून तो निरर्थक ठरत नाही. तुमच्या हाताला मी फार सुंदर नाव दिलं, आणि त्या नावाने त्याला हाक मारणारं इथे कोणीच नव्हतं."

गार्गीने प्रोजेक्ट बंद करून पुन्हा उघडलं. लाल पट्ट्यांच्या रांगेत एक पट्टी निवळली होती. तिच्यात हात होता, कानस होती, घोडीवरून उडणारी बारीक पूड होती. हे दृश्य तिने शंभरदा पाहिलेलं. तरी ती पडद्याकडे झुकली.

"ओरखडासुद्धा नाही?" मुबारकभाईंनी विचारलं. "माझ्याकडे कानस एकदा जास्त फिरली की घोडी फेकायची. पन्नास वर्षं भीत भीत काढली मी. आणि तुम्ही हजारदा कापता तरी काहीच जात नाही?"

"नाही."

मुबारकभाईंनी डावा हात पडद्याजवळ नेला. काचेला मात्र लावला नाही.

"नऊ सेकंद ठेवलेत म्हणालात. बाकीचं आहे?"

"सगळं आहे."

"लावा मग."

गार्गीने पूर्ण फाइल लावली. हाताने कानस फिरवली, ठेवली, तार छेडली. मग तो हात घोडीशेजारी नुसता पडून राहिला. सूर विरत गेला. पुन्हा छेडली. पुन्हा तसाच पडून. चार मिनिटं.

"इथे काही घडत नाही," नाना म्हणाले, "म्हणून काढलं होतं."

"काही घडत नाही?" मुबारकभाई हसले. "अहो मास्तर, कानस धरायला शिरीन आठ दिवसांत शिकेल. थांबायचं कधी, ते इथं आहे. तुम्ही माझं ऐकणंच काढून टाकलंत की!"

एका दिवसात दुसरी चूक. नाना गार्गीकडे वळले. "तुला काय वाटत होतं?"

"मी पहिल्याच आठवड्यात म्हटलं होतं, राहू द्या. तुम्ही म्हणालात, लोक कंटाळतील."

नाना उठले आणि आपली खुर्ची तिला दिली.

गार्गीने नऊ सेकंदांच्या त्या तुकड्याची कड माउसने धरली आणि ओढली. कापलेलं सारं तिच्या हाताबरोबर उलगडत आलं, फ्रेममागून फ्रेम, जणू त्याला कधी धार लागलीच नव्हती. दोनशे पट्ट्या अजून लाल होत्या. घाई कोणालाच नव्हती.

तिघं ऐकत बसले. मुबारकभाईंनी डोळे मिटले होते. तार छेडली गेली, सूर फिरला, बारीक झाला, आणखी बारीक झाला.

"आता," मुबारकभाई म्हणाले, आणि त्याच क्षणी पडद्यावरच्या हाताने कानस उचलली.