फ्रिजमधलं गार पाणी

"मग माझं चुकलं कुठं, तेवढं सांगा बाबा."

दिगंबरसर दस्तगीरबाबांसमोर मांडी घालून बसले होते. हातात यादी, खिशाला पेन.

गावाबाहेर कडुलिंबाखाली बाबांचा तकिया आहे, एका खोलीचा. बाबा फकीर माणूस, तिथंच राहतात. सर लहानपणापासून त्यांच्या पायाशी बसत आलेले. आता शाळेत मास्तर आहेत. रेशनच्या नव्या यादीचं काम त्यांच्याकडं आलं होतं.

मी भिंतीला टेकून बसले होते. पदराखाली पाच महिन्यांचं बाळ. दिवसभर किरकिरायचं, अंगावर प्यायचं आणि पुन्हा रडायचं. नजर लागली असेल म्हणून बाबांची फुंकर घ्यायला आणलं होतं.

बाबांनी फुंकर घातली. मग हळूच विचारलं, "तू सकाळपासून काय खाल्लंस बेटी?"

मी म्हणाले, चहा.

तेवढ्यात सर आले आणि त्यांचं बोलणं सुरू झालं.

"चुकलं असं मी कुठं म्हणालो?" बाबा म्हणाले. "मी एवढंच विचारलं, सरकारनं दार रुंद केलं ना?"

"केलं की. उत्पन्नाची मर्यादा वाढवली. थोडक्यासाठी बाहेर राहिलेली घरं आता आत येतील."

"आणि तू काय केलंस?"

"मी दारात उभा राहिलो." सरांनी मान ताठ केली. "वरून सैल आलं म्हणून आपण सैल सोडायचं नाही. घरोघर फिरलो. बारा नावं खोडली."

"तू अंगानं चांगला भरलेला, दिगंबर. तूच दारात उभा राहिलास, तर दुसरा आत शिरणार कुठून?"

"चेष्टा नको बाबा. कागदावर गरिबी आणि घरात फ्रिज! आज हे आले, उद्या मोटारवाला येईल पिशवी घेऊन."

"फ्रिजचं कागदात लिहिलंय?"

"कागदात नाही. तो माझा नियम. देवानं डोळे कशाला दिलेत?"

बाबांनी यादीकडं बोट केलं. म्हणाले, "वाच एखादं."

सरांनी यादीवरून बोट फिरवलं. "हे घ्या. रेश्मा बालाजी कसबे. पत्र्याची खोली. नवरा भंगाराच्या दुकानात कामाला. उत्पन्न नव्या मर्यादेत बसतं. पण दारातून समोरच फ्रिज. खोडलं."

ते नाव माझं होतं.

सर आमच्या घरी आले त्या दिवशी उंबऱ्याबाहेरूनच बघून गेले होते. मी सांगायला तोंड उघडलं, तोवर ते शेजारच्या दारात. माझा चेहरा त्यांच्या ध्यानातही राहिला नव्हता.

बाबांनी माझ्याकडं बघितलं नाही. तांब्या उचलून सरांपुढं धरला.

"ऊन फार झालंय. त्या बाईच्या घरून पाणी आण. फ्रिजमधलं, गार."

"अहो बाबा, इथं माठ भरलेला आहे."

"माठातलं रोजच पितो."

"आणि ती बाई घरी नसली तर?"

मला राहवलं नाही. "नुसती कडी आहे सर. काढा आणि जा."

सर वळले. माझ्याकडं बघितलं... मग बाळाकडं. तांब्या घेऊन उठले. यादी तिथंच राहिली.

"बाबा, तो फ्रिज..." मी म्हणाले.

"तू सांगू नको. त्याला उघडू दे."

बाळ झोपून गेलं. आत काय काय ठेवलंय ते मी आठवत बसले. लाज वाटली. दुपट्यांची घडीसुद्धा नीट केली नव्हती.

आमची खोली हाकेच्या अंतरावर. तरी सरांना यायला वेळ लागला.

आले. तांब्या बाबांपुढं ठेवला.

बाबांनी एक घोट घेतला. "कोमट आहे."

"बादलीतलं आहे. त्यांच्याकडं माठ नाही."

"मी फ्रिजमधलं म्हणालो होतो. उघडलास ना?"

"उघडला."

"काय होतं?"

"पिठाचा डबा. तळाला मूठभर पीठ. बाळाची दुपटी. पिशवीत गुंडाळलेलं रेशनकार्ड, कोरं करकरीत, धान्याची एक नोंद नाही. आणि फ्रिजला मशीनच नाही, बाबा. वायरही नाही."

"उंदीर पीठ नासवायचे," मी म्हणाले. "म्हणून ह्यांनी भंगारातलं ते खोकं उचलून आणलं. दार घट्ट बसतं त्याचं."

सरांनी यादी ओढून घेतली. खोडलेल्या नावाशेजारी पुन्हा नाव लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर. मग कागद माझ्याकडं फिरवला.

"वाचा ताई. बरोबर आहे का?"

मी वाचलं. माझं, ह्यांचं, आडनाव. अक्षरं डोळ्यांपुढं पुसट झाली, तरी वाचलं.

"बरोबर आहे सर."

त्याच पानावर बाकीची अकरा नावं तशीच होती. प्रत्येकावर सरळ रेघ, पट्टी धरून मारलेली.

"चुकलो बाबा," सर म्हणाले. पेन खिशाला लावलं, यादीची गुंडाळी केली आणि निघण्यासाठी पाया पडायला वाकले.

बाबांनी तांब्या तोंडाला लावला. ते कोमट पाणी शेवटपर्यंत प्यायले. मग तांब्या पालथा करून बघितला, आणि तोच रिकामा तांब्या वाकलेल्या सरांच्या हातात दिला.

"तहान अजून गेली नाही, दिगंबर."