रेशमात गुंडाळलेला पाना

माणसं दूरच्या ग्रहांवर राज्य करू लागली, त्यालाही हजारो वर्षं लोटली होती, तेव्हाची ही गोष्ट. एका वस्तीत हवा पुरवणाऱ्या यंत्राची लोक पूजा करत. त्याचा पाना रेशमात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवलेला असे.

एकदा यंत्र खडखडलं. "रेवाक्का, माझा एक नट ढिला झालाय. पान्यानं तेवढा आवळ, बाई."

पुजारीण रेवाक्का गहिवरली. "देवा, सात पिढ्यांत कुणी पान्याला हात लावला नाही."

"त्याआधीचे रोज लावायचे, म्हणून तर तुम्ही जगलात!"

"आक्का, उचल गं मला," रेशमातून पाना म्हणाला.

मांडीवरची नात धापा टाकू लागली. घाबरलेल्या रेवाक्कानं पान्यापुढे दिवा लावायला घेतला.

दिवा काही पेटेना.