सुटलेल्या माशाची लांबी

एका नदीकाठच्या गावात एकदा एक वृद्ध वैद्य राहत असत. सहा दिवस ते रोग्यांचे प्राण वाचवत आणि सातव्या दिवशी नदीवर जाऊन गळ टाकून बसत. यात काही विसंगती आहे असे कोणी सुचवले, तर ते शांतपणे म्हणत, "मासे माझ्यावर विश्वास टाकून येत नाहीत, रोगी येतात. म्हणून रोग्यांच्या बाबतीत मी जास्त सावध असतो." त्यांच्या शब्दाला गावात फार मान होता. बांधावरून तंटा झाला की दोन्ही पक्ष त्यांनाच साक्षीला बोलावत, कारण सकाळी ज्याच्या घरी जेवले असतील त्याच्याविरुद्धही ते संध्याकाळी खरे बोलत.

गळाची आवड असलेली आणखी काही मंडळी दर रविवारी त्याच घाटावर जमत. त्यांत एक धान्याचा व्यापारी होता. त्याची काठी सर्वांत महाग होती आणि त्याचे मासे सर्वांत कमी. एक शिंपी होता, अत्यंत मितभाषी. आणि गणबा नावाचा एक म्हातारा टांगेवाला होता. रिक्षा आल्या तेव्हा गणबाला घोडा विकावा लागला होता. त्याच्या वर्षभर आधी त्याची बायको वारली होती, आणि मुलगा दूर शहरात होता. एके काळी स्टेशनापासून गावापर्यंत उतारूंना गोष्टी सांगत नेणारा हा माणूस आता आठवड्याचे सहा दिवस गप्प असे, कारण ऐकायला घरात कोणी नव्हते.

ऊन कलले की सगळे एका रुंद खडकावर येऊन बसत, तीन दगडांवर चहा उकळत आणि गप्पा सुरू होत. या गप्पांचा एक अलिखित नियम होता. टोपलीतल्या माशाविषयी कोणी बोलत नसे. तो सगळ्यांना दिसतच असे, त्याचे काय सांगायचे? बोलणे असे ते सुटलेल्या माशाविषयी. आणि या विषयात गणबाचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. त्याच्या गळातून नेहमी एकच मासा सुटे. काळ्या पाठीचा कटला, वरच्या ओठात जुना काटा रुतलेला, आणि तो काटाही गणबाचाच. पहिल्या वर्षी हा मासा हाताच्या कोपराएवढा होता. पुढे तो वर्षागणिक वाढत गेला. मासे वाढतातच, त्यामुळे कोणाचा काही आक्षेप नव्हता.

त्या वर्षी वैद्यांकडे एक तरुण शिष्य शिकायला आला. गुंजभर औषध कमीजास्त झाले तरी रोगी दगावतो, हा पहिला धडा त्याने इतका मनावर घेतला की पुढे त्याला तोलल्या-मोजल्यावाचून काही गोडच लागेना. गुरूंबरोबर तोही गळ घेऊन रविवारी नदीवर जाऊ लागला. एका संध्याकाळी गणबाने दोन्ही हात ताणून मासा दाखवला, तेव्हा शिष्य म्हणाला, "मामा, तुमचा दोरा पाच किलोला तुटतो. तुम्ही सांगता तो मासा वीस किलोच्या खाली नाही. मग तुम्ही त्याला अर्धा तास ओढलात कसे? शिवाय मी वरच्या खडकावर होतो. तुमच्या गळाला बाभळीची फांदी अडकली होती."

मग व्यापारी हसला आणि त्याच्यामागून बाकीचेही हसले. गणबाही हसला. त्याने उरलेला चहा प्याला, दोरा नीट गुंडाळला आणि तो घरी गेला.

पुढच्या रविवारी गणबा आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही आला नाही. खडकावर आता चहा होई, पण गप्पा होत नसत. कोणी तोंड उघडले की व्यापारी म्हणे, "जरा बेतानं हं, इथे मोजणारे बसलेत." मग बोलणारा आपले बोलणे गिळून टाकी. लोक उभ्या उभ्याच चहा पिऊन निघू लागले. शिष्याला हे जाणवत होते. पण आपण खरे तेच बोललो, अशी तो मनाची समजूत घाली, आणि ती समजूत दर खेपेला थोडी कमी पडे.

तिसऱ्या रविवारी शिंप्याने आपण होऊन तोंड उघडले. "काल गणबाकडे गेलो होतो," तो म्हणाला. "काठी कुणाला हवी असली तर घेऊन जा म्हणतोय. चूलही रोज पेटत नाही त्याची. दिवस मावळायच्या आत दार लावून घेतो."

शिष्याने मान खाली घातली. वैद्यांनी कप खाली ठेवला आणि ते गंभीरपणे म्हणाले, "आज माझ्या हातून एक मासा सुटला."

शिष्य चमकला. सबंध दिवस तो गुरूंच्या मांडीला मांडी लावून बसला होता. त्यांच्या दोऱ्यावरचा तरंगा सकाळपासून हललासुद्धा नव्हता.

"पाठ काळी होती," वैद्य पुढे सांगू लागले. "या खडकाएवढा होता असे मी म्हणणार नाही, पण त्याच्यापुढे खडकाला संकोच वाटला असता. वरच्या ओठात जुना काटा होता. शिंपीदादा, जाता जाता गणबाला निरोप द्या. म्हणावं, मासा तुझ्या ओळखीचा दिसतो. पुढच्या रविवारी ये आणि ओळख पटवून दे. आम्ही पडलो अनाडी, आमच्याच्याने काही तो आवरत नाही."

"देतो निरोप," शिंपी म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही.

परतीच्या वाटेवर शिष्य मागून चालत होता. अखेर त्याला राहवेना.

"गुरुजी, तुम्ही आज खोटं बोललात."

"हो."

"तुम्ही! ज्यांच्या साक्षीवर गाव चालतं ते?"

वैद्य थांबले. "परवा एक बाई आली होती. डोकं फुटतंय म्हणाली. तू काय केलंस?"

"कपाळ चाचपलं. कुठे ठणकतंय, कधीपासून, ते विचारलं."

"डोकं तर फुटलेलं नव्हतं. तिला खोटारडी का नाही म्हणालास?"

"ती तिला किती दुखतंय ते सांगत होती, गुरुजी."

"गणबाही तेच सांगत होता," वैद्य म्हणाले. "घोडा गेला त्याबद्दल तो आजवर एक अक्षर बोललेला नाही. बायकोबद्दल नाही, मुलाबद्दल नाही. माशाबद्दल बोलतो. टोपलीतल्या माशाला लांबी असते, वजन असते. हातून जे सुटतं ते केवढं होतं, हे ज्याच्या हातून सुटलं त्यालाच ठाऊक. तुला वाटलं, आम्ही सगळे भोळे आहोत आणि फसतोय. अरे, ती बाभळीची फांदी मी बारा वर्षं ओळखतो."

"मग सत्याचं काय?" शिष्याने हळू आवाजात विचारले.

"औषध तोलताना त्याला सोडू नकोस. साक्ष देताना सोडू नकोस. तिथे माझ्या शब्दावर कुणाची जमीन जाते, कुणाचा जीव जातो. खडकावर माझ्या शब्दाने आज कुणाचं काही गेलं नाही. तुझ्या शब्दाने मात्र एका माणसाचा रविवार गेला, आणि त्याच्याजवळ तेवढा एकच वार होता."

शिष्य म्हणाला, "मी उद्याच जाऊन त्यांची क्षमा मागतो."

"क्षमा मागायला गेलास की पुन्हा त्या फांदीचा विषय निघेल," वैद्य म्हणाले. "थांब जरा." आणि ते चालू लागले.

पुढच्या रविवारी गणबा आला. उशिरा आला आणि सगळ्यांपासून दूर, खालच्या अंगाला बसला. शिंप्याने त्याला वैद्यांच्या माशाबद्दल छेडले. "आसंल," एवढेच तो म्हणाला. त्याने शिष्याकडे पाहिले नाही, आणि शिष्याला त्याच्याकडे पाहण्याचे धैर्य झाले नाही.

दुपारी शिष्याचा तरंगा एकाएकी बुडाला. आजवर त्याच्या गळाला बोटभर चिंगळ्यांपलीकडे काही लागले नव्हते. आता दोरा सरसरत निघाला, बोट कापले, काठी वाकली. तो गुडघाभर पाण्यात उतरला. एकदाच, अगदी क्षणभर, पाण्याखाली एक रुंद चकाकती कूस वळताना त्याला दिसली. पुढच्या क्षणी दोरा सैल पडला. किती तरी वेळ तो तसाच पाण्यात उभा होता. त्याला रडू येत होते आणि रडू येण्याची लाजही वाटत होती.

संध्याकाळी खडकावर चहा झाला. गणबा कडेला बसला होता.

"केवढा होता रे?" वैद्यांनी शिष्याला विचारले.

शिष्याने हात पुढे केले. त्याला नेमके ठाऊक होते, मासा दीड वितीचा होता. त्याने तेवढेच अंतर धरले आणि त्या अंतराकडे पाहिले. ते फार थोडे वाटले. दुपारी जे घडले होते ते त्यात मावत नव्हते. त्याचे हात थोडे दूर सरकले. मग आणखी थोडे. व्यापारी मिशीतल्या मिशीत हसू लागला. शिष्याचे कान तापले, पण हात काही मागे येईनात.

सगळे गणबाकडे पाहू लागले. आता बोलण्याचा अधिकार त्याचा होता.

गणबाने त्या दोन हातांकडे बराच वेळ पाहिले. मग कप ठेवून तो उठला आणि शिष्यासमोर येऊन उभा राहिला.

"वढताना मासा नीट दिसत न्हाई, पोरा," तो म्हणाला. "घाई आस्ती." त्याने शिष्याची दोन्ही मनगटे धरली आणि ती अलगद आणखी वीतभर लांब केली.

"एवढा हुता," म्हणत तो त्याच्या शेजारी बसला. "आता सांग बघू, पयल्यापास्नं."