होडीत ओतलेले पाणी

एकदा एक नवी होडी पहिल्याच फेरीत घोटाभर पाणी घेऊन खाडीतून परत आली. किनाऱ्यावरच्या एका वृद्ध सुताराच्या शिष्याने ती बांधली होती. सात वर्षे गुरूंच्या हाताखाली काढल्यावर त्याच्या एकट्यावर सोपवलेली ही पहिलीच होडी. नारळी पौर्णिमा नऊ दिवसांवर आली होती. त्या दिवशी सारे गाव समुद्रावर जाणार आणि या होडीचा धनी असलेला नाखवा काठावर बसून राहणार, अशी वेळ आली.

नाखव्याने जाब विचारताच शिष्य चटकन म्हणाला, "लाकूडच ओलं निघालं. व्यापाऱ्याने फसवलं आपल्याला."

गावाला बोट दाखवायला कुणीतरी लागतेच. दोन दिवसांत व्यापाऱ्याच्या वखारीकडे कुणी फिरकेनासे झाले. इकडे शिष्याने होडीच्या मध्यभागी, जिथे पाणी साचले होते तिथे, राळेचे लेपावर लेप दिले. दुसऱ्या फेरीत पुन्हा तेवढेच पाणी! तेव्हा मात्र त्याने आपली हत्यारे पोत्यात बांधली.

"बाबा, हे काम आपल्याच्याने होणार नाही. मी जातो."

"जा," वृद्ध म्हणाला. "पण आधी होडी वाळूवर ओढून घे, ठोकळ्यांवर ठेव आणि गुडघाभर पाण्याने भर."

"होडीत पाणी भरू? लोक हसतील, बाबा."

"हसू देत. उजेड आहे तोवर भर."

दिवस उघडा होता. शिष्य घागरीमागून घागर ओतू लागला आणि बघ्यांना फुकटचा तमाशा मिळाला. होडीतले पाणी उपसणारे पुष्कळ पाहिले, आत ओतणारा हा पहिलाच, असे कुणीतरी म्हणाले. "नाचता येईना, अंगण वाकडे!" दुसऱ्याने भर घातली. शिष्याचे कान तापले, पण हात थांबला नाही.

थोड्या वेळाने कोरड्या फळ्यांवर बाहेरून थेंब दिसू लागले. मध्यभागी एकही नव्हता. ते होते पार मागच्या टोकाला, खालच्या दोन सांध्यांवर. शिष्य तिथे गुडघे टेकून बसला. ते सांधे भरले त्या संध्याकाळी त्याला बहिणीच्या घरी जेवायला जायची घाई होती. कापसाचा एकच थर ठासून त्याने वर राळ फिरवली होती. हे तो विसरला नव्हता; विसरायचे असे त्याने ठरवले होते.

वृद्ध त्याच्या शेजारी येऊन बसला. "होडी समुद्रात गळते तेव्हा माणूस पाणी उपसण्याच्या नादी लागतो. गळती शोधायला त्याला उसंत कुठली? म्हणून काठावर, आपल्या हाताने पाणी ओतून बघावं लागतं. पाणी शिरतं एकीकडून आणि साचतं भलतीकडे. तू साचल्या जागी लेप देत बसलास. त्यावर आणखी एक लेप दिलास, व्यापाऱ्याच्या नावाचा. अरे, माझ्याही तीन होड्या गळल्या. तिन्हींत मी असंच पाणी ओतलं, लोकांदेखत. जे काही येतं, ते त्या तिघींनी शिकवलं."

शिष्य उठला. गर्दीच्या कडेला व्यापारी उभा होता. त्याच्यापुढे हात जोडून तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "लाकूड चांगलं होतं. चूक माझी होती, आणि मी खोटं बोललो." व्यापाऱ्याने मान डोलावली.

मग शिष्य नाखव्याकडे वळला. "दुसऱ्या कुणाकडून दुरुस्त करून घ्या, नाखवा."

नाखवा त्या थेंबांकडे पाहत होता. "दुसऱ्याला काय ठाऊक, घाई तू कुठं कुठं केलीस ते? तूच कर. मात्र पौर्णिमेला पहिल्या फेरीला माझ्यासोबत तूही बसायचंस."

शिष्याने पोते सोडले. पुढचे दिवस त्याने एकेक सांधा उकलला, न गळणारेदेखील, आणि नव्याने भरला. कुणी मदतीला आले तर त्याने नम्रपणे नकार दिला.

पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून होड्या निघाल्या. खाडीचे मुख ओलांडेपर्यंत शिष्य मागच्या टोकाशी, तळाच्या फळ्यांवर तळहात टेकून बसला होता. हात कोरडाच राहिला, तेव्हा कुठे त्याने मान वर करून समुद्र पाहिला.