सागाच्या फळ्या, सावरीचे खांब

फार जुन्या काळी एका नदीकाठच्या गावात कापसाचा एक व्यापारी राहत होता. त्याच्या म्हाताऱ्या आईचे गुडघे धरले होते, त्यामुळे तिला नदीवर जाता येईना. परसात बसावं, तर दगडी गडग्याच्या भिंतीआड नदी दिसेना. "परसात उंचसा लाकडी ओटा बांध रे, म्हणजे बसल्या जागी नदी दिसेल," एवढंच तिचं मागणं होतं.

लाकूड घरचंच होतं. वडिलांनी परसात लावलेला साग तोडायचं ठरलं. पण त्या एका झाडातून एकतर खांब निघणार होते, नाहीतर वरच्या फळ्या. बाकीच्या कामाला बांधावरची काटेसावर होती. सावरीचं लाकूड म्हणजे हलकं, भुसभुशीत, वाळवीचं आवडतं.

बायको म्हणाली, "अहो, साग खांबांना घाला. फळ्या सावरीच्या चालतील, कुजली एखादी तर बदलता येईल. जमिनीत पुरलेला खांब कसा बदलणार?"

व्यापारी हसला. "खांब कोण वाकून बघतंय? लोक बघणार फळ्या! खांबांना गेरू फासला, की साग काय आणि सावर काय!"

ऐकलंत? ओटा आईसाठी, आणि हा विचार करतो लोकांच्या डोळ्यांचा! अशा माणसाला काय म्हणावं?

सागाच्या फळ्यांवर पोपट कोरले गेले. ओटा बघायला गाव लोटलं आणि जो तो वाहवा करून गेला. खाली वाकून मात्र एकानेही पाहिलं नाही. फुकटची स्तुती करायला कुणाचं काय जातं! म्हातारी बिचारी नदी बघत सुखाने बसू लागली.

पावसाळ्यात मातीतून वाळवी वर चढली. धाकटी वाळवी म्हणाली, "वर पोपटांची सुरेख नक्षी आहे म्हणे."

"असेना!" थोरली म्हणाली. "आपलं पान खाली वाढलंय."

खांबांवर मातीचे पापुद्रे दिसताच बायको धावत आली. "अहो, निदान टेकू तरी लावा."

"टेकू? सणाला पाहुणे यायचेत. सगळी शोभा जाईल!"

सण आलाच नाही. त्याआधीच एका संध्याकाळी खांब मोडला आणि ओट्यावरून म्हातारी खाली कोसळली. कंबरेचं हाड मोडलं. वैद्यबुवांनी सांगितलं, "आता यांचं उठणं नाही."

फळ्यांवर मात्र ओरखडाही नव्हता! व्यापाऱ्याने त्यांचाच पलंग करून आईला माजघरात निजवलं. तिथे एकही खिडकी नव्हती. म्हातारीने कोरलेल्या पोपटांवरून बोटं फिरवली.

"पोपट सुरेख आहेत रे बाळा," ती म्हणाली. "पण मला नदी बघायची होती."

खांब बघायला व्यापाऱ्याची जी मान कधी वाकली नाही, ती आता वर होईना.

तात्पर्य: दिखाव्याला उत्तम आणि आधाराला निकृष्ट वापरणारा शेवटी आपल्याच माणसाला खाली पाडतो.