चार बोटं काच

जगभर फिरून तापाची ती साथ आमच्या तालुक्यात पोहोचली, तेव्हा सरकारी दवाखान्यात खाटा पुरेनात. मग एका स्वयंसेवी संस्थेने मंगल कार्यालय मागून घेतलं आणि तिथे रुग्ण ठेवले. सगळा भार फुलवंती गावित या नर्सबाईंवर होता.

महिन्याभराने जिल्ह्याचे मोठे साहेब आले. आले म्हणजे काय, त्यांची गाडी फाटकाशी थांबली. काच चार बोटं खाली झाली, फटीतून एक कागद बाहेर, बाईंच्या हातात आला आणि काच पुन्हा वर गेली. कागदावर हुकूम होता: 'साथ संपली आहे. संस्थेने केंद्र आजच बंद करावे.'

आत अकरा जण अजून ऑक्सिजनवर होते. बाईंनी काचेवर टकटक केलं. साहेबांनी नाकावरचा मास्क आधी घट्ट दाबला, मग मानेनेच विचारलं, काय?

फाटकाशी उभ्या नातेवाइकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात बाई म्हणाल्या, "साहेब, एवढी आनंदाची बातमी माझ्या तोंडून कुणाला खरी वाटायची नाही. तुम्हीच मास्क काढा, आत या आणि रुग्णांना सांगा."

सगळे साहेबांकडे बघत राहिले.

काच पुन्हा चार बोटं खाली झाली. आतून एक हात बाहेर आला आणि कागद परत घेऊन गेला.