विझवलेली चूल

एकदा एका भाद्रपदात पाऊस उघडला आणि ऊन असे पडले, की ओल्या भिंतींतून वाफ निघू लागली. वारा म्हणून नव्हता. झाडाचे पान हलेना आणि माणसाच्या जिवाला थारा मिळेना.

त्या गावात एक वृद्ध वैद्य राहत असे. त्याचा एक शिष्य होता. शिकलेला, मनाचा निर्मळ, पण उतावळा. गाव चढावर होते आणि खाली ओढ्याच्या काठाला पाथरवटांची वस्ती होती. पाटे-वरवंटे घडवावेत आणि पोट भरावे, अशी ती माणसे. ऊन दोन्हीकडे सारखेच पडले होते. पण उलट्या-जुलाबांची साथ आली ती फक्त खाली. दोन लेकरे गेली.

शिष्याने औषध सिद्ध केले, दवंडीवाल्याला पुढे घातले आणि ढोल बडवीत वस्तीत गेला. ढोल ऐकताच दारे लागली.

"कोणी आजारी आहे का?" त्याने फटीतून विचारले.

"न्हाई बा. समदी खुशाल हायेत."

आणि दुसऱ्याच दिवशी वस्तीतून तिसरे लहानगे प्रेत निघाले.

शिष्य धावत गुरूपाशी आला. "गुरुजी, या लोकांना जगायचेच नाही. दारी आलेले औषध नाकारतात! आता कोणाचे लेकरू जाईल, या विचाराने मला वेड लागायची पाळी आली आहे."

वृद्ध उठला, त्याने तांब्याभर पाणी घेतले आणि आपल्याच पेटत्या चुलीवर ओतले. मग एक खापर शिष्याच्या हाती दिले.

"जा. खालच्या वस्तीतून विस्तव मागून आण. औषधाची थैली इथेच राहू दे."

"विस्तव? लेकरे मरताहेत गुरुजी! आणि शेजारी दहा चुली पेटलेल्या असताना..."

"खालूनच आण."

गुरूची आज्ञा, शिष्य निघाला. पहिल्या झोपडीत ठकूबाई राहत असे. खापर पाहून ती हसली. "अगं बाई! वैद्याच्या घरची चूल इझली? काढे उकळू उकळू दमली व्हय ती?" तिने निखारे घातले, वर राख पसरली. "झाकून न्या. आन् बसा की घोटभर."

असे आजवर कोणी त्याला तिथे म्हटले नव्हते. पण एवढे निखारे वाटेत विझतील म्हणून आणखी मागायला तो शेजारच्या दारी गेला. तिथे हौसा नावाची तरुण बाई होती. तिने दार बोटभर उघडले.

"आमच्या घरचा इस्तू देता यायचा न्हाई," ती म्हणाली आणि दार लागले.

शिष्य खजील होऊन परतला. ठकूबाईला म्हणाला, "तुमची शेजारीण रागावलेली दिसते. विस्तव नाही म्हणाली."

ठकूबाईच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले. "हौसा न्हाई म्हनली? अहो, घरात दुखणं असलं तरच आमी इस्तू भाईर देत न्हाई! काल तर तिची पोर अंगणात खेळत व्हती..."

ती तशीच धावली, शिष्य तिच्यामागे. तिने हौसेच्या दारावर थाप मारली आणि दार उघडले. आत फरशीवर हौसेची पोर तुळशी पडली होती; डोळे खोल गेलेले, ओठ वाळलेले. पाण्याने जुलाब वाढतात म्हणून आईने सकाळपासून थेंब दिला नव्हता.

शिष्य औषधासाठी वळला, तर वृद्ध थैली घेऊन वाटेतच भेटला. शिष्याने हात पुढे केला. पण गुरू हौसेच्या दारी आला आणि त्याने औषध आणि मीठ-गुळाचे पाणी ठकूबाईच्या हाती दिले.

"तू पाज. घोट घोट, न थांबता. तुझ्या हातून ती घेईल."

शिष्य पुढे सरसावला. तेव्हा वृद्ध हळूच म्हणाला, "बाळा, या वस्तीत आजवर ढोल आला तो माणसे वेठीला न्यायला आला. तुझे औषधही त्याच आवाजात आले. मग ते लेकरे लपवतील नाही तर काय? ज्यांच्यापाशी आपण कधी काही मागितले नाही, ते आपल्यापाशी स्वतःचा जीवही मागत नाहीत. शिवाय तू कितीही धावलास तरी संध्याकाळी घरी परतणार. शेजारीण मात्र इथेच असते."

मग तो दारात जमलेल्या बायांकडे वळला. "बायांनो, दुखणे वर नाही, खालीच का? तुम्हांला काय वाटते?"

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. असा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "वरची गुरं वढ्यात बसत्यात, तेच पाणी आमी पितो. वढ्याच्या वळणाच्या वरच्या अंगाला झरा खणावा, तर आमाला कोण खणू देतंय?"

शिष्य मान खाली घालून ऐकत होता. वरच्या अंगाची जमीन त्याच्याच भाऊबंदांची होती.

ऊन कलले. ठकूबाईचा हात थांबला नाही. ती थकली की दुसरी बसे. शिष्य उंबऱ्यावर बसून त्या चिमुकल्या छातीकडे पाहत राहिला. एकदा तर ती हलेनाशी वाटली, तेव्हा त्याचाही श्वास अडकला. मग केव्हातरी तुळशी रडली, आणि तिच्या कोरड्या डोळ्यांतून पाणी आले.

ते पाणी पाहून हौसाही रडली.

ठकूबाईने पदराने कपाळ पुसले आणि शिष्याला म्हणाली, "तुमी जावा आता बुवा, पोरीला राखायला आमी हाव. उद्याला मातुर सकाळी या. कुदळी आमच्या घरी हायेत. तुमी फकस्त वरच्यांम्होरं आमच्यासंगं हुभं ऱ्हावा."